अठरा मिनिटांचे गाणे

इंग्रजी गाणे म्हटले की आमच्या मालेगावात लोकांना लग्नातला डीजे आठवतो. आम्हा दोघा भावांचेही त्याहून फार वेगळे नव्हते. आमच्यातला एक उर्दू माध्यमाच्या शाळेत गणित शिकवतो, दुसरा पुण्यात नोकरी करतो आणि सुट्टी मिळाली की घरी येतो. दोघांचे शिक्षण उर्दूतून झाले, मराठी बाजारात आणि एस.टी.त पक्की झाली, इंग्रजी परीक्षेपुरती राहिली. त्यामुळे ‘येस’ नावाच्या लंडनच्या बँडची १९७२ सालची ‘क्लोज टू द एज’ ही तबकडी आम्ही चार वर्षांपासून ऐकतो आहोत, असे सांगितले की स्टाफरूममध्ये हसू होते. “कळते का काही?” असा प्रश्न येतो.

शब्द कळत नाहीत, हे खरे. पण जॉन अँडरसन हा गायक शब्द निवडताना अर्थाइतकाच नादाकडे पाहतो, त्यामुळे इंग्रजीच्या प्राध्यापकांचीही इथे तारांबळच उडेल.

धाकट्याच्या पुण्यातल्या खोलीत ईशान्येकडचा एक विद्यार्थी राहत असे, त्याच्याकडून हे संगीत आमच्या घरात आले. तबकडीवर गाणी तीनच. पहिले अठरा मिनिटांहून थोडे मोठे, म्हणजे जुन्या एल.पी.ची एक अख्खी बाजू. दुसऱ्या बाजूला उरलेली दोन. अठरा मिनिटांचे गाणे हे ऐकून आमचे मित्र दचकतात, याचे आम्हाला नवल वाटते. ज्यांनी उरुसात रात्र रात्र कव्वाली ऐकली आहे, त्यांनी अठरा मिनिटांना काय घाबरायचे? कव्वालही मुखडा सोडून दूर जातो, मध्येच दुसराच शेर आणून गिरह बांधतो, आणि श्रोता वाट चुकला असे वाटत असतानाच पुन्हा मुखड्यावर येतो. हे गाणेही तसेच आहे. फरक एवढाच की कव्वाल हात धरून नेतो, आणि ही मंडळी पुढे पळतात. मागून येणाऱ्याने यावे.

सुरुवातीला पक्षी आणि वाहते पाणी, जवळजवळ एक मिनिट. मग एकदम सगळी वाद्ये अंगावर येतात. स्टीव्ह हाऊची गिटार एकीकडे, ख्रिस स्क्वायरचा बेस दुसरीकडे, बिल ब्रुफर्डचे ड्रम दोघांच्या मधून स्वतःची वाट काढणारे. मध्येच सगळे झटक्यात थांबतात, नुसते मानवी आवाज येतात, आणि पुन्हा धावपळ. पहिल्यांदा ऐकले तेव्हा आम्हाला वाटले, चार जण चार वेगळी गाणी वाजवत आहेत. पाचव्या-सहाव्या वेळी लक्षात आले की भांडण नाही, हिशेब आहे. गणिताच्या मास्तरला हिशेब दिसला की तो सोडवत नाही. दुसऱ्या बाजूच्या ‘सायबेरियन खात्रू’ची एक धून आम्ही बोटांवर मोजली: चार, चार, चार आणि तीन, एकूण पंधरा मात्रा. सोळाव्या मात्रेला पाय आपटायला जावे, तर धून पुढे निघून गेलेली असते.

पहिल्या गाण्याच्या मध्यात सगळे शांत होते. थेंब टपकल्यासारखे आवाज येतात, आणि दोन ओळी एकाच वेळी गायल्या जातात, एक वरून, एक खालून. मग रिक वेकमनचा चर्चमधला ऑर्गन घुमतो. तो स्टुडिओतला नाही, लंडनच्या सेंट जाइल्स क्रिपलगेट या चर्चमध्ये वाजवून ध्वनिमुद्रित केलेला आहे. हे एवढे बांधून झाल्यावर ब्रुफर्ड बँड सोडून गेला, याचे मात्र आम्हाला फार वाईट वाटते.

या गाण्यामागे हर्मन हेसेची १९२२ सालची ‘सिद्धार्थ’ ही जर्मन कादंबरी आहे. तिच्यात नावाडी सिद्धार्थला काही शिकवत नाही. नदीचे ऐक, एवढेच सांगतो.

आमच्या घरात ऐकण्याचा प्रश्न निराळाच आहे. अब्बांनी पस्तीस वर्षे पॉवरलूम चालवले, बारा बारा तासांच्या पाळीत. लूमच्या कारखान्यातला आवाज नव्वद डेसिबलच्या वर असतो. त्यात कानाचे बारीक, उंच पट्टीचे आवाज आधी जातात; जाड आवाज बराच काळ टिकतात. अब्बांना ट्रक ऐकू येतो, नातीचे बोलणे नाही. कानाच्या मशीनचा विषय काढला की म्हणतात, “सारी उमर मशीन सुना, अब कान में भी मशीन?”

एका शुक्रवारी, लूम बंद म्हणून मोहल्ला शांत असताना, ते आमच्याजवळ खाटेवर येऊन बसले. आम्ही गाणे लावले. पक्षी झाले, पाणी झाले. अब्बा थोडा वेळ थांबले आणि म्हणाले, “अरे, चालू तो करो.” आम्ही एकमेकांकडे पाहिले. तेवढ्यात बेस आणि ड्रम आले, आणि त्यांनी स्पीकरवर हात ठेवला. बराच वेळ तो तसाच होता. मग म्हणाले, “दो लूम बाजू-बाजू में आगे-पीछे मारते ना, वैसा है. थोड़ी देर में मिल जाएँगे.” आणि खरेच मिळाले. जे आम्हाला सहा वेळा ऐकून कळले, ते त्यांनी दोन मिनिटांत सांगितले.

ऑर्गन घुमला तेव्हा खाटेची पाटी थरथरली, त्यांनी तीही हाताने चाचपून पाहिली. शेवटचा ठोका विरला तसे ते उठून वजूला गेले. पाणी आणि पक्षी अजून चालू होते.

तेव्हापासून धाकटा घरी असला की शुक्रवारी हे होते. तो स्पीकर खाटेच्या लाकडाला टेकवून ठेवतो. सुरुवातीचे मिनिट गाळावे, अब्बांना उगाच ताटकळत का ठेवायचे, असे त्याचे म्हणणे. थोरल्याचे म्हणणे, गाळू नये, आणि तिथे काय आहे ते सांगावे. अजून दोन्ही झालेले नाही. अब्बा तेवढ्या वेळात चष्मा पुसून घेतात.