नाव एक, विमानं निराळी!

मला जुन्या विमानांचे फोटो पाहायचा भारी नाद! दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन 'मेसरश्मिट १०९' या लढाऊ विमानाचे दोन फोटो तर मी कितीदा तरी शेजारीशेजारी ठेवून पाहिलेत. दोन्हींखाली नाव एकच, 'जी-६'. पण एकात वैमानिकाच्या डोक्यावरच्या काचेच्या झाकणाला जाड पट्ट्यांची चौकट, तर दुसऱ्याचं झाकण मोकळं. एकाची शेपटी बुटकी, दुसऱ्याची उंच! असं कसं?

त्याचं असं आहे. हे विमान १९३५ साली पहिल्यांदा उडालं. मोठी सुधारणा झाली की नावाला पुढचं अक्षर मिळायचं. 'ई' म्हणजे एमिल, 'एफ' म्हणजे फ्रीडरिख, 'जी' म्हणजे गुस्ताव. अक्षर म्हणजे जणू इयत्ता आणि आकडा म्हणजे तुकडी! एकट्या 'जी-६' तुकडीत १२ हजारांहून जास्त विमानं होती.

ती रेगेन्सबुर्ग, लाइपझिग आणि ऑस्ट्रियातलं वीनर नॉयश्टाट इथल्या कारखान्यांत बनत. नवा भाग सगळीकडे एकदम पोचत नसे. काम थांबवून सगळं बदलायला सवड कुठली? त्यात १९४३ साली या कारखान्यांवर बॉम्ब पडले आणि काम लहान लहान ठिकाणी विखुरलं. ॲल्युमिनियम वाचवायचं म्हणून उंच शेपटी लाकडाची झाली. दुरुस्ती करणाऱ्याच्या डोक्याला किती ताप झाला असेल, विचार करा!

१९४४ साली हा गोंधळ आवरायचं ठरलं. सुधारणा एकत्र करून 'जी-१४' आलं. पाठोपाठ 'जी-१०' आणि 'के-४' आलं. एकसारखं करता करता तीन प्रकार एकाच वेळी बनू लागले!

म्हणून अशा विमानाची ओळख पटवताना नुसतं नाव पुरत नाही. 'हे कुठे बनलं?' असं विचारावं लागतं. आणि हा प्रश्न आपल्याला फार दुःखद जागी नेतो. मेसरश्मिट विमानांचे भाग फ्लोसेनबुर्ग आणि गुझेन इथल्या छळछावण्यांतल्या कैद्यांकडून जबरदस्तीने बनवून घेतले जात होते. उपासमार आणि मारहाण यांनी तिथे हजारो माणसं मेली.

तुमच्यापैकी कुणी या विमानाचं मॉडेल जोडत असेल, तर झाकण आणि शेपटी जरूर नीट पाहा. पण त्याबरोबर आणखी एक प्रश्न विचारायला विसरू नका : हे कुणाच्या हातांनी बनलं?