मुलांना घेऊन इमॅजिकाला जाताय?



डिसेंबरच्या सुट्टीत आम्ही पुण्याहून खोपोलीच्या इमॅजिकाला जाऊन आलो. मुलगा नऊ वर्षांचा, मुलगी चार. आल्यापासून सगळ्यांचा एकच प्रश्न, "खाण्याचं काय केलंत?" तेच आधी सांगते.

डबे आत नेता येत नाहीत. दशम्या-चटणी गाडीत ठेवली आणि आत शिरण्याआधी सगळ्यांना पोटभर खाऊ घातलं. आत काही घेतलंत तर कांदा, लसूण, बटाटा अशी तिन्ही नावं घेऊन विचारा. नुसतं "जैन" म्हटलं तर बटाटा राहू शकतो. थंडीत सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. सासूबाईंचा रात्रीभोजन त्याग आहे, म्हणून पाचलाच गेटकडे वळायचं ठरवलं होतं.

धाकटी फिरत्या घोड्यांवर चार वेळा बसली. बसू द्या. पैसे वसूल करायच्या नादात लेकरांना ओढत फिरू नका.

आता मुलांचं तिकीट. ते वयावर नसतं, उंचीवर असतं. घरीच मोजून जा. आम्ही मोजलं नव्हतं. खरं सांगायचं तर मी मोजायचं टाळलं होतं. गेटवर लेकाच्या कानात म्हटलं, "जरा गुडघे वाकव." त्याने वाकवले. निभावलं.

दुपारी तो नायट्रोच्या रांगेत शिरला. तिथल्या खुणेला थोडा कमी पडत होता, तर चवड्यांवर उभा राहिला. मी ओरडले, "अरे, पट्टा नीट बसला नाही तर? उंचीचा नियम उगाच असतो का?"

तो म्हणाला, "सकाळी तूच वाकायला सांगितलंस ना?"

मागे सासूबाई उभ्या होत्या. दर रविवारी त्याला पाठशाळेत त्याच सोडतात. त्या काही बोलल्या नाहीत, आणि तेच मला जास्त लागलं.

जाताना तिकीट खिडकीवर फरकाचे पैसे भरले. खिडकीतल्या मुलाला आधी कळेचना. "आता बाहेर जाताना कशाला, मॅडम?" मलाही नीट सांगता आलं नाही.

गाडीत उन्हं असतानाच दशम्या संपवल्या. घरी आल्यावर लेकाला दाराच्या चौकटीला उभं करून पेन्सिलीने रेघ मारली. टाचा टेकल्यात ना, हे धाकटीने खाली वाकून बघितलं.