तीन बोटं, दोन पुड्या

एक छोटीशी टेस्ट. कॉम्प्युटरसमोर बसल्या बसल्या स्वतःच्या हाताची मधली तीन बोटं जुळवा, उभी धरा आणि दातांच्या मधे घाला. आरामात गेली? मग तुम्ही नशीबवान. धुळ्यातल्या माझ्या मावसभावाच्या तोंडात जेमतेम दोन जातात. वय वर्षं चौतीस.

दादाचं सुरू झालं ठेच्यापासून. खान्देशी माणूस, आणि शेवभाजी तिखट लागते म्हणून ताटावरून उठतो... घरात सगळे हसलेच! मग साधं वरणही झोंबायला लागलं, पाणीपुरी अख्खी तोंडात जाईना. डॉक्टरांनी नाव सांगितलं, सबम्यूकस फायब्रोसिस. सुपारी चघळून चघळून गालाच्या आतलं मऊ अस्तर दोरीसारखं कडक होतं आणि जबडा उघडेनासा होतो. हा कॅन्सर नाही, पण त्याच वाटेवरचा स्टॉप आहे. दादाने कॉलेजात लागलेली पुडी सोडलीय. आता तोंड उघडायचा व्यायाम म्हणून तो आइस्क्रीमच्या काड्यांचा गठ्ठा दातांत धरून क्रिकेट बघतो. मावशी मात्र त्या वेळी खोलीत थांबत नाही.

आता खरी गंमत बघा. दादा जी पुडी खायचा, ती विकायला महाराष्ट्रात 2012 पासून बंदी आहे!

ही बंदी सहजासहजी आलेली नाही. 2002 मध्ये राज्याने गुटखा पाच वर्षांसाठी बंद केला होता. 2004 मध्ये सुप्रीम कोर्टाने ती बंदी उडवली, कारण असा अधिकार राज्याचा नाही, केंद्राचा. पुढे टाटा मेमोरियलचे कॅन्सर सर्जन डॉ. पंकज चतुर्वेदी आणि त्यांच्यासारख्यांनी वेगळाच मार्ग धरला. पाय-चार्ट वगैरे बाजूला ठेवून त्यांनी ऑपरेशन झालेले पेशंटच नेत्यांसमोर नेले. अर्धा जबडा नसलेला माणूस समोर उभा राहिल्यावर फाईल बंद करणं अवघड जातं. मदतीला नवा अन्नसुरक्षा कायदाही आला होता. गुटखा हा कायद्याच्या भाषेत खाद्यपदार्थ (हसू नका, खरंच!), आणि 2011 च्या नियमांप्रमाणे खाद्यपदार्थात तंबाखू किंवा निकोटिन चालत नाही. जुलै 2012 मध्ये राज्याने बंदी घातली, तीही पानमसाल्यासकट. फक्त या कायद्यात असा आदेश एका वेळी एकच वर्ष टिकतो. दुधाच्या पिशवीसारखी बंदीलाही एक्स्पायरी डेट! म्हणून दरवर्षी ती नव्याने काढावी लागते.

राजकारण्यांना कळत नाही असं मला वाटत नाही. शरद पवारांचं तोंडाच्या कॅन्सरचं ऑपरेशन 2004 मध्ये झालं, त्याबद्दल ते जाहीरपणे बोललेही. 16 फेब्रुवारी 2015 ला आर. आर. आबा तोंडाच्या कॅन्सरने गेले. आणि पुढच्याच महिन्यात, तेव्हाच्या अहमदनगरचे खासदार दिलीप गांधी म्हणाले की तंबाखूमुळे कॅन्सर होतो हे सांगणारा भारतातला अभ्यासच नाही. ते लोकसभेच्या ज्या समितीचे अध्यक्ष होते, तिच्याकडेच पाकिटावरच्या चित्रांचा विषय होता. 85 टक्के जागा व्यापणारी ती इशाऱ्याची चित्रं 1 एप्रिल 2015 ला यायची होती, ती वर्षभर उशिरा आली. आबांना जाऊन दोन महिनेही झाले नव्हते हो...

सिगारेट मात्र खाद्यपदार्थ नाही, त्यामुळे तिच्यावर 2003 चा वेगळा कायदा. बंदी नाही, नियंत्रण. पुडीवाला गावंढळ आणि सुट्टा ब्रेक म्हणजे नेटवर्किंग, ही आपल्या ऑफिसची वर्गवारी कायद्यातही अशी आपोआप उतरलीय. बाय द वे, सुटी सिगारेट विकायला राज्यात सप्टेंबर 2020 पासून बंदी आहे. तुमच्या खालच्या टपरीवाल्याला माहितेय का, विचारून बघा!

खान्देशात मात्र प्रश्न टपरीपेक्षा नकाशाचा आहे. धुळ्याहून मुंबई-आग्रा हायवेने शिरपूरच्या पुढे पळासनेर सोडलं की थोड्याच अंतरावर मध्य प्रदेशातलं सेंधवा. जळगावहून सुरतेच्या रेल्वेत बसलात तर नवापूर स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. दोन्हीकडे तंबाखू मिसळलेला गुटखा बंद. पण साधा पानमसाला एका पुडीत, तंबाखू दुसऱ्या पुडीत, मिक्सिंग गिऱ्हाईकाने तळहातावर करायचं. आपल्याकडे पानमसालाही बंद, म्हणून तो रात्री ट्रकातून इकडे येतो. धुळे-जळगावचे पेपर उघडा, पकडलेल्या गोण्यांमागे उभ्या पोलिसांचा फोटो नेहमीचाच. ट्रक सापडतो, ड्रायव्हर सापडतो. माल भरून पाठवणारा कोण, हे त्या बातमीत शोधून दाखवा.

मागच्या दिवाळीत मी दादाला सरळच विचारलं, बंदी आल्यापासून तुला पुडी मिळालीच नाही, असं कधी झालं का?

त्याने दातांतल्या काड्या काढल्या, थोडा विचार केला.

"झालं ना भो. लॉकडाऊनमध्ये, पहिले चार दिवस. मग यायला लागली, तिप्पट भावाने."