‘बाप्पा’वाल्याचं ‘वॉव’

वर्गात कुणी ‘वॉव’ म्हटलं की मी हातातला खडू खाली ठेवायचो. वाशिमकडच्या पोराच्या तोंडी ‘बाप्पा!’ शोभतं, हे अमेरिकन फॅड कशाला, असा माझा हेका. तो निवृत्तीपर्यंत टिकला. आता सुटलाय.

सोडवला तो गॅविन डग्लस नावाच्या स्कॉटिश कवीनं. त्यानं १५१३ साली व्हर्जिलचं ‘इनीड’ स्कॉट्स भाषेत आणलं, त्यात हा उद्गार आहे. गड्याची ऐट बघा: दक्षिणेकडची इंग्रजी नको, आपल्या मुलखाच्या भाषेतच लिहीन, असं त्यानं सुरुवातीलाच बजावलं. पुढं रॉबर्ट बर्न्सनंही ‘वॉव’ वापरला. अमेरिकेत तो रुळला विसाव्या शतकात. म्हणजे चारशे वर्षं बिचारा गावंढाच होता! पुण्यात ‘बाप्पा’ म्हटलं की लोक आमच्याकडं बघून हसतात. हा तर आमच्याच गोतातला निघाला.

शिवाय ज्यांना मी अस्सल मराठी समजून वापरत होतो ते ‘वाहवा’ आणि ‘शाबास’ फारसीतून आलेले. आणि सोवळं पाळायचं तरी कोणत्या गावात? वाशिम म्हणजे वाकाटकांचं वत्सगुल्म. इथल्या सर्वसेन राजानं ‘हरिविजय’ काव्य प्राकृतात रचलं. दुसऱ्या विंध्यशक्तीच्या वाशिम ताम्रपटात वंशावळ संस्कृतात, तर दानाचा मजकूर प्राकृतात. राजाला चाललं, मास्तराला चालेना.

गेल्या फाल्गुनात पुण्याची भाची शेतावर आली होती. हळद शिजवायचा कुकर उघडला, वाफेचा लोट उठला आणि पिवळेधमक कंद ताडपत्रीवर ओतले गेले. पोरगी ‘वॉव’ म्हणून ओरडली, ओढणी फिरवत दोन पावलं मागं सरली. आई म्हणाली, “बाप्पा! हळदीलेबी वाव म्हंते हे पोरगी.” भरतानं नाट्यशास्त्रात अद्भुत रसाची लक्षणं दिलीत: डोळे विस्फारणं, रोमांच, साधुवाद, हाहाकार, इतकंच काय, वस्त्र आणि बोटं फिरवणंसुद्धा. पोरीनं बहुतेक सगळी एका दमात करून दाखवली. तिथं ‘वॉव’ चालणार नाही, असं काही भरतानं म्हटलेलं नाही.

मोबाइलवर लोळत, चेहऱ्यावरची रेषही न हलवता दिवसाला पन्नास ‘वॉव’ पाठवणाऱ्यांबद्दल मात्र माझं मत बदललेलं नाही. त्यांनी ‘बाप्पा’ पाठवलं असतं, तरी बदललं नसतं.