पाण्याबरोबर आलेला दगड

गीझरचं खालचं झाकण निघालं, नट सैल झाले आणि कॉईल बाहेर आली, तेव्हा तिचा तांबूस रंग कुठेच दिसत नव्हता. पांढऱ्या-पिवळट खड्यांनी ती बोटभर जाड झाली होती. टाकीच्या तळातून मिस्त्रीकाकांनी ओंजळी-ओंजळीनं पापुद्रे वर्तमानपत्रावर उपसले. "ताई, ही जळाली नाही, गुदमरली," ते म्हणाले.

त्यांचं निदान अगदी नेमकं होतं. कॉईलच्या नळीत निक्रोमच्या तारेचं बारीक वेटोळं असतं. तार नळीला टेकू नये म्हणून भोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची भुकटी ठासलेली असते. ती उष्णता जाऊ देते, वीज अडवते. २००० वॅटची कॉईल २३० व्होल्टवर साडेआठ अँपिअरहून जास्त वीज ओढते. तिच्यातून निघणारी ऊब पाण्यानं सतत उचलून न्यावी लागते. मध्ये क्षारांचा थर आला की ऊब आतच कोंडते, नळी तापत जाते आणि एक दिवस तडकते.

मी त्या पापुद्र्यांकडे बघत राहिले. हा आमच्या पायाखालचाच दगड. मराठवाड्याचा काळा कातळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. पावसाचं पाणी मातीतून मुरताना कार्बन डायऑक्साइड सोबत घेतं, कातळाच्या भेगांमधून झिरपतं आणि त्यातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम विरघळवत खाली जातं. पाणी जितका काळ खडकाजवळ राहील तितकं जड होतं. तापलं की विरघळलेलं पुन्हा घट्ट होतं आणि सगळ्यात गरम जागा धरून बसतं. विहिरीच्या पाण्यावर चालणाऱ्या घरांत तांब्याच्या बंबालाही पांढरा राप चढायचाच. पण पऱ्हाट्यांवर तापणारा बंब चिंचेनं घासला की पुन्हा उजळायचा. कॉईल टाकीच्या अंधारात असते, तिच्याकडे कोण बघतं?

आणि पाण्यासाठी आपण खाली खाली जात राहिलो. २०१२-१३च्या दुष्काळात आमच्या जालना जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा उभ्याच्या उभ्या वाळल्या. झाडं वाचवायला लोकांनी बोअर घेतले, आणखी खोल घेतले, टँकरनं पाणी घातलं. वाळलेल्या बागांवर कुऱ्हाड चालवणाऱ्या हातांचं दुःख या जिल्ह्याला अजून आठवतं. जालना शहरात निजामाच्या काळातल्या घाणेवाडी तलावाचं पाणी उताराच्या जोरावर येत असे, पुढे जायकवाडीचं नळानं आलं. तरी नळाला पाणी येईपर्यंतचे दिवस पुष्कळ घरं बोअरवरच काढतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणाची इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे, दुसरा स्रोतच नसेल तर ६००. 'नसेल तर' हे शब्द मला आमच्यासाठीच लिहिल्यासारखे वाटतात.

काकांचं काम मात्र बघण्यासारखं होतं. आधी मेन स्विच बंद, मग टेस्टरनं खात्री. नव्या कॉईलच्या दोन टोकांमध्ये मीटर साधारण २६ ओहम दाखवत होता. टोक आणि नळी यांच्यात काहीच दाखवत नव्हता, आणि तसंच हवं. क्षारांनी कडक झालेलं रबरी वायसर त्यांनी बदललं. मॅग्नेशियमची कांडी झिजून आतली तार उघडी पडली होती. टाकी गंजू नये म्हणून ती स्वतः विरघळत राहते. तीही नवी बसवली. मग गरम पाण्याचा नळ उघडा ठेवून टाकी भरू दिली. नळातली हवा फुरफुरून संपली, सलग धार लागली, तेव्हाच बटण दाबलं. कोरडी कॉईल पाहता पाहता जळते. असं मन लावून काम करणारी माणसं गावोगाव आहेत आणि त्यांच्या कौशल्याला आपण फार कमी किंमत देतो, असं मला मनापासून वाटतं.

तडकलेल्या नळीतून भुकटीत पाणी शिरलं की वीज टाकीच्या अंगावर आणि पाण्यात उतरू शकते. म्हणून बोअरचं पाणी वापरणाऱ्या प्रत्येक घराला सांगते: थंडी पडण्याआधी, वर्षातून एकदा, कॉईल काढून साफ करून घ्या, त्याच वेळी अर्थिंग तपासून घ्या आणि अंघोळीला जाण्याआधी गीझर बंद करा.