ब्रेक जरा उशिरा लागतो

या दिवाळीत वणीला एक गाढवपणा करून आलो. तो इथे लिहून टाकतो, म्हणजे निदान डोक्यातून जाईल.

आमच्या बाबांनी तीस-एक वर्षं कोळशाचा ट्रक चालवला. उकणी, निलजई, जिथून लोडिंग मिळेल तिथून. पुढे शुगरने तळपायांची जाणीव गेली. पेडल दाबलंय की नुसता पाय टेकलाय, ते कळेना. चार वर्षांपूर्वी त्यांनी आपणहून चावी मालकाच्या टेबलावर ठेवली. आता अंगणात खुर्ची टाकून बसतात आणि रस्त्यावरची गाडी न पाहता "हा ओव्हरलोड हाये पाय" म्हणतात.

मला शनिवार-रविवारी गेम लिहायचा नाद. (बायको याला दुसरा शब्द वापरते. असो.) म्हटलं, कीबोर्डला पाय लागत नाहीत, बाबांना त्यांचा रस्ता परत देऊ. वणी ते वरोरा, मध्ये वर्धेवरचा पाटाळ्याचा पूल, दोन्हीकडे कपाशी, आणि हातात भरलेला दहाचाकी.

आता रेसिंग गेम लिहिणाऱ्याला पहिला प्रश्न पडतो तो हा, की गंमत किती आणि खरेपणा किती? मी कॉलेजात असताना आम्ही कॅफेत तासावर पैसे मोजून रोड रॅश खेळायचो. त्यात माणूस बाईकवरून उडून पडतो, उठून कपडे झटकतो आणि धावत जाऊन परत बाईकवर बसतो. खोटं वाटलं का कधी? अजिबात नाही. उलट नीड फॉर स्पीडचा पहिला भाग १९९४ साली आला तो 'रोड अँड ट्रॅक' या मोटारींच्या मासिकाला सोबत घेऊन, गाड्या खऱ्यासारख्या वागाव्यात म्हणून. पुढे तीच मालिका नायट्रो आणि पोलिसांच्या पाठलागावर गेली. १९९७ च्या ग्रान टुरिस्मोने तर एकाच गेममध्ये दोन दारं ठेवली, एक आर्केडचं आणि एक सिम्युलेशनचं. म्हणजे एका दारावर त्यांचंही भागलं नाही.

माझं मात्र ठरलेलं होतं. बाबांसाठी आहे ना, मग शंभर टक्के खरं! टायरची पकड, मालाचं वजन, गुरुत्वमध्याची उंची, सगळं गणित घातलं. वळणावर कार सहसा आधी घसरते, पण भरलेला ट्रक घसरण्याआधीच उलटतो. तेही बरोबर जमलं. स्वतःवर भलताच खूश होतो मी.

लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी बाबांना लॅपटॉपसमोर बसवलं. पहिल्याच वळणावर ट्रक पालथा. दुसऱ्यांदा पालथा. तिसऱ्यांदा तर सरळ रस्त्यावर, म्हशीला चुकवताना. (म्हशी मीच हौसेने घातल्या होत्या.)

"तीस वर्षांत माह्या हातून एकडाव पल्टी नाई झाली," एवढंच म्हणाले. मग थोड्या वेळाने, "राहू दे. हात गेला आता."

मी म्हटलं, "बाबा, गेममध्ये होतं असं." पण ते उठून अंगणात गेले होते.

रात्री झोप आली नाही. कोड उघडून बसलो. भौतिकशास्त्रात एकही चूक सापडली नाही, आणि नेमकी तीच चूक होती. कीबोर्डचं बटण एक तर दाबलेलं असतं, नाही तर सुटलेलं. मी बाण दाबला की स्टेअरिंग झटक्यात पूर्ण वळत होतं. साठच्या वेगात भरलेल्या ट्रकचं स्टेअरिंग असं कोण फिरवेल? खऱ्या गाडीत स्टेअरिंग हाताला जड लागतं, सीट कंबरेला सांगते की माल एका बाजूला झुकतोय. मी ट्रक खरा केला आणि त्याची बातमी देणारी सगळी माणसं कामावरून काढून टाकली. वर बाबांना म्हणतोय, चालवा!

मग खोटेपणा सुरू केला. वेग वाढेल तसं स्टेअरिंग कमी वळेल. बाण दाबला तरी चाकं हळूहळू वळतील. उलटण्याआधी ट्रक बराच वेळ झुकून इशारा देईल, चढाला इंजिनाचा आवाज दबेल. आता खोटं बोलायचंच आहे तर म्हटलं ब्रेकही सोपा करू. एअर ब्रेकमध्ये हवा चाकांपर्यंत पोचायला क्षणभर लागतो. साठच्या वेगात अर्धा सेकंद म्हणजे आठ मीटरहून जास्त. तो उशीर काढून टाकला.

सकाळी बाबांना चहा देऊन परत बसवलं. नाखुशीनेच बसले. पहिलं वळण निघालं. दुसरं निघालं. पाठ खुर्चीला टेकली. तेवढ्यात समोर म्हैस. बाबांनी केव्हाच ब्रेक दाबला आणि ट्रक तिच्यापासून कितीतरी अलीकडे टचकन थांबला.

"हा त कारचा ब्रेक होय," बाबा म्हणाले. "ट्रकचा असा लागते का बे?"

तो उशीर मी तिथल्या तिथे परत घातला. स्टेअरिंगमधला एवढा मोठा खोटेपणा त्यांना खटकला नव्हता आणि हा अर्धा सेकंद खटकला! विचार केला तेव्हा लक्षात आलं, की स्टेअरिंग ते अंगाने चालवत होते, ते अंग गेममध्ये नाहीच, तिथे मदत हवी. पण ब्रेक कधी दाबायचा हे त्यांना डोक्यात माहीत आहे. ते माझ्या सोयीने बदललं की त्यांचा अनुभवच निरुपयोगी.

भाच्याने नंतर खेळून पाहिला. "मामा, ब्रेक खराब आहे, आणि नायट्रो कुठाय?" त्याच्यासाठी दुसरं दार काढावं लागणार बहुतेक.

बाबा मात्र पाटाळ्याचा पूल ओलांडून गेले आणि पलीकडे त्यांनी गाडी कडेला घेतली.

"काय झालं?"

"टपरी होती इथं. हँडब्रेक कोणत्या बटणावर हाये?"

म्हटलं, बाबा, गाडी उभीच आहे, हँडब्रेक लागत नाही.

"लोडची गाडी हाये," म्हणाले, आणि बाणावरचं बोट काढून माझ्याकडे बघत बसले.

स्पेसबार रिकामा आहे. या रविवारी तेच काम.