तापी उतरून जिताड्याकडे

खानदेशाला समुद्र नाही, हे भूगोलाच्या पुस्तकापुरतं खरं. तापी मुलताईला निघते, 724 किलोमीटर वाहते आणि सुरतेच्या पुढे डुमस-हजिऱ्यापाशी खंबातच्या आखाताला मिळते. जळगाव-उधना लोहमार्गही तिच्याच खोऱ्यानं खाली उतरतो. शिवाय लिंबायत, उधना, डिंडोली या भागांत आमच्याकडचं घरटी कुणीतरी लूमवर नाहीतर साड्यांच्या कामात आहेच. माझा मावसभाऊ उधन्याला. त्यामुळे किनाऱ्यावरून जिताडा धरायची हौस मी अलिबागऐवजी तिकडेच भागवतो. राहायला घर, रविवारी वरण-बट्टी.

*

इंग्रज खडकावर उभे राहून ज्या ‘सी बास’च्या मागे लागतात, तो वेगळा मासा. आपला जिताडा म्हणजे बंगाल्यांची भेटकी, ऑस्ट्रेलियाचा बॅरामुंडी. पण खोड दोघांची एकच: काठाशी यायचं, दबा धरायचा, लहान मासा पुढून गेला की झडप. म्हणून नकली मासा दोघांनाही फसवतो.

*

मुडावदला, पांझरा तापीला मिळते तिथे, कपिलेश्वराच्या खालच्या अंगाला काठी घेऊन उभा होतो. एक म्हातारबाबा बराच वेळ बघत बसले होते.

“भाऊ, हाई काय शे?”

“प्लास्टिकना मासा.”

“आन् त्याले मासा खास?”

खास म्हटलं. त्यांनी लुअर हातात घेतला, पोटाखालचे दोन तिहेरी गळ अंगठ्यानं चाचपले, नाकाजवळ नेऊन हुंगला. वास नाही म्हटल्यावर त्यांच्या लेखी विषय संपला. गांडूळ नाहीतर कणकेची गोळी, यापलीकडे आमिष त्यांनी पाहिलेलं नव्हतं. रोहू-कटल्यापुरतं त्यांचं बरोबरच आहे. हे मासे लुअरला सहसा भीक घालत नाहीत. आमच्याकडे लुअरवर येते ती मरळ, कधी शिंगाळा.

*

लुअरची दुकानं बघितली की डोकं फिरतं. रंग, नावं, किमती. फिनलंडच्या लाउरी रापालानं 1936 साली पहिला लुअर कोरला तो बुचाच्या लाकडाचा. वरून चॉकलेटची चांदी गुंडाळली आणि फोटोच्या फिल्मा वितळवून लेप दिला. चालला तो जखमी माशासारखा डगमगायचा म्हणून. पांगाऱ्याचं हलकं लाकूड, पोटात थोडं शिसं आणि तोंडाशी तिरका पत्रा एवढ्यावर तशी डगमग आपल्याकडेही साधते. धुळ्यातल्या एका सुतारानं मला दोन करून दिले. एक बरा पोहतो. दुसरा कुशीवर पडतो, तो पोराला खेळायला दिला.

*

लुअर कुठला, यापेक्षा पाणी कुठल्या घटकेचं हे आधी बघावं. कोकणातला माणूस तिथीची पाऊणपट करतो: अष्टमी, आठाची पाऊणपट सहा, म्हणजे पूर्ण भरती सहाच्या सुमारास. मुंबई-अलिबागला हा हिशेब चालतो. सुरतेला तो लावू नये. आखातात भरती उशिरा चढते, आणि चढते ती बेताची नाही. वर भावनगरकडे भरती-ओहोटीतला फरक दहा मीटरच्या घरात जातो.

पुनव-अवसेच्या उधाणात पाणी नुसतं चहासारखं, आणि ओढ इतकी की लुअरला अंग सावरता येत नाही. भांगाच्या दिवसांत ते जरा निवळतं. त्यातही माझी आवडती वेळ ओहोटी लागल्यानंतरची. खारफुटीत शिरलेली बोयटं आणि कोळंबी पाण्याबरोबर बाहेर निघू लागतात, आणि जिताडा ओहोळाच्या तोंडाशी, प्रवाहाकडे डोकं करून थांबलेला असतो. लुअर वरच्या अंगाला टाकायचा आणि पाण्यालाच तो खाली आणू द्यायचा. दोरा सैल पडणार नाही इतकंच रील फिरवायचं. नवखी माणसं फार फिरवतात.

आणि गाळ. पाय गुडघ्यापर्यंत गेला की मागे फिरायचं. समोरची भरती बघत बसलात तर मागचा ओहोळ भरून वाट कधीच बंद झालेली असते.

*

जिताडा घेतो तेव्हा तो चावत नाही, ओढून घेतो. तोंड एकदम उघडतो, पाण्यासकट लुअर आत, आणि शांत रात्री त्याचा ‘भुप्’ असा आवाज काठापर्यंत येतो. मग पाण्याबाहेर डोकं काढून झटके. विजेरी मारली तर डोळे लालभडक. गालफडाची कड अशी धारदार की बारीक दोरा त्यावर घासला की गेला. म्हणून शेवटचा हातभर दोरा जाड नायलॉनचा. कल्ल्यात बोटं घालून मासा उचलणाऱ्याला एकदाच शिकावं लागतं.

*

मरळीचं एक सांगून ठेवतो. पावसाळ्यात तळ्याच्या काठाशी बारक्या पिल्लांचा तांबूस घोळका वर-खाली होताना दिसतो. खाली आई-बाप राखणीला असतात. त्या घोळक्यावरून रबरी बेडूक ओढला की मरळ हमखास धावून येते. भुकेनं नव्हे, पिल्लांसाठी. ती धरली की उरलेले मासे दिवसभरात पिल्लं साफ करतात. याला मी मासेमारी म्हणत नाही.

*

“जिताडा हतनूर धरणातच का सोडत नाहीत?” भुसावळला हा प्रश्न हमखास येतो. जिताडा गोड्या पाण्यात वाढतो हे खरं. ऑस्ट्रेलियात टिनारू धरणात सोडलेले बॅरामुंडी प्रचंड होतात. पण अंडी घालायला त्याला खारं पाणी लागतं, म्हणजे बीज दरवेळी विकतच आणायचं. दुसरं, तो खादाड. मच्छीमार सोसायटीनं पैसे मोजून सोडलेलं रोहू-कटल्याचं बोटुकली बीज आधी संपवेल. तिसरी आमची थंडी. धुळ्यात पारा पाच-सहा अंशांवर येतो, आणि पाणी गारठलं की हा उष्ण पाण्यातला मासा खाणं सोडतो.

तो आपणहून वर येईल म्हणावं, तर वाटेत सुरतेचा सिंगणपोरचा बंधारा, 1954 चा काकरापार, 1972 चं उकाई, आणि मग आपल्याकडची प्रकाशा, सारंगखेडा, सुलवाडे बॅरेज. हतनूरचे 41 दरवाजे उघडले की पेपरात फोटो येतो. ते पाणी डुमसला जातं, तिथला मासा इकडे येत नाही. म्हणून मीच खाली जातो.

*

जिताडा आधी नर असतो, पुढे काही वर्षांनी मादी होतो. म्हणजे मोठा मासा बहुधा मादीच, अंडी घालणारी. म्हणून मोठा लागला की मी सोडतो आणि दोन किलोच्या आसपासचा ठेवतो. मावसभावाला हे अजिबात पटत नाही. त्याच्या मते गाडीभाडं खर्चून आलेल्या माणसानं मासा सोडणं हा माज आहे. वहिनीचं म्हणणं वेगळंच: दोन किलोचा कढईत बसतो, मोठा बसत नाही.

भांडण होतं ते नंतर, मसाल्यावरून. वहिनी खोबरं-कांदा काळा होईपर्यंत भाजून शेवभाजीला घालतात तसला रस्सा करतात. जिताड्याच्या अंगची चरबी, त्याची चव त्याखाली दबून जाते. हळद, मीठ, थोडं तिखट लावून तव्यावर टाका, असं मी दरवेळी सांगतो. “तुमचे दोन तुकडे तसे करते,” म्हणतात, आणि भाऊजींनी कोकणात सोयरीक करायला हवी होती असंही ऐकवतात.